परसातली पत्र्याची शेड नव्या घरी नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या बाळकुमच्या जुन्या घरामागची दहा बाय बारा फुटांची शेड आम्ही नवी मुंबईतल्या नेरूळच्या रो-हाऊसमागे नेली, तेव्हापासून ओळखीतल्यांचे आणि त्यांच्या ओळखीतल्यांचे प्रश्न येतच आहेत. ठाण्यातली बैठी घरं एकेक करून पुनर्विकासात जातायत. माणसं नव्या घरी जातात, पण परसातल्या शेडमधली शिडी, सायकली, कुदळ-फावडं आणि गणपतीचं मखर जायचं कुठे? मी फॅब्रिकेटर नाही. वेल्डरशेजारी उभा राहून, काही चुका स्वतः करून आणि कागदपत्रांसाठी हेलपाटे घालून जे कळलं ते इथे आहे.

१. पत्र्याची शेड खरंच उचलून नेता येते का? की मोडीतच काढायची?

सांगाडा जातो, पत्रा बहुधा जात नाही. नट-बोल्टची शेड असेल तर पाना घेऊन सुटी करता येते. आपल्याकडच्या बहुतेक शेड जागेवरच वेल्डिंग करून उभ्या केलेल्या असतात. त्या ठरावीक ठिकाणी कापून पुन्हा जोडाव्या लागतात. तिसरा प्रकार अर्ध्या विटांच्या भिंतीचा आणि वर पत्र्याचा. त्यात विटा गेल्याच असं समजायचं, वरची कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) आणि पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात ते आडवे पाइप) तेवढे वाचतात. सिमेंटच्या पत्र्यांची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न ९ मध्ये.

२. नेणं परवडतं की नवी बांधणं?

वजनावर बघा. दोन इंची, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण तीन किलो भरतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा दहा फुटी पत्रा साडेचौदा किलोच्या आसपास. आमच्या मापाची शेड सगळी मिळून चारशे ते साडेचारशे किलो, त्यातला निम्मा सांगाडा. आता भंगारवाला किलोला काय देतो आणि नवा पाइप किलोला काय पडतो, हे त्याच दिवशी विचारा. या दोन भावांतला फरक गुणिले सांगाड्याचं वजन, एवढीच तुमची बचत. त्यातून कापणं, गाडीभाडं आणि पुन्हा वेल्डिंगची मजुरी वजा करायची.

माझं मत: सांगाडा दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल आणि खांबांचे बूड गंजून पोकळ झाले नसतील तर न्या. खांबाच्या तळाशी हातोडी मारून बघा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा हातोडी आत गेली तर भंगारवाल्याला फोन करा. पत्रे मात्र छपरासाठी नवेच घ्या. जुने भिंतींना चालतात.

३. क्रेननं अख्खी उचलून ट्रकवर ठेवली तर एका दिवसात काम होणार नाही का?

सहा बाय आठची टपरीवजा केबिन असेल तर हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, बोलावून जमतं. दहा फूट रुंदीची शेड नाही. रस्त्यावरच्या वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. माल गाडीच्या हौदाबाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे वीस हजार रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च आपलाच. वरून गल्लीतल्या केबल आणि विजेच्या तारा. आमच्या गल्लीत हायड्रा वळलीच नसती, त्यामुळे हा मोह आपोआप टळला.

४. नव्या घरी शेड उभी करायला परवानगी लागते का? ती तर तात्पुरतीच असते ना!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा प्रश्न हाच. हो, लागते. आपण बोल्ट काढून नेऊ शकतो म्हणून कायद्याच्या नजरेत शेड तात्पुरती ठरत नाही. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांत डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात इमारतीच्या बाजूची आणि मागची मोकळी जागा, म्हणजे सामासिक अंतर, मोकळीच राहावी अशी अपेक्षा असते. काही मोजक्या गोष्टींना सूट आहे, पण ‘परसातली अडगळीची शेड’ आपोआप त्यात बसते असं धरून चालू नका. पावसापासून बचावासाठी फक्त पावसाळ्यापुरतं आच्छादन करायला तात्पुरती परवानगी मागता येते. ती मुदत संपली की उतरवायचं असतं, आणि बारा महिने उभ्या राहणाऱ्या शेडला ती उपयोगी नाही.

विनापरवाना तात्पुरत्या बांधकामासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ५५ आहे. त्याखाली पंधरा दिवसांत काढून टाकण्याचा आदेश येऊ शकतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये अनधिकृत बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड, लावण्याची तरतूद आहे, आणि ती भरल्यानं बांधकाम अधिकृत होत नाही. ‘आम्ही टॅक्स भरतो की’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही.

जुन्या शेडला ठाण्यात परवानगी होती, हा कागद नव्या जागी शून्य कामाचा. परवानगी जागेला असते, पत्र्याला नाही. आता मागायची कोणाकडे? ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका. खारघर, कामोठे, नवीन पनवेल हे १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत. उलवे आणि द्रोणागिरीत सिडको. सिडकोचे भूखंड बहुधा साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात, तेव्हा भाडेकराराच्या अटीही वाचा. रो-हाऊसची सोसायटी असेल तर तिचं लेखी ना-हरकत पत्र आधी. वास्तुविशारदाला एक चकरेचे पैसे देऊन सामासिक अंतर मोजून घेतलेलं सगळ्यात स्वस्त पडतं. आम्ही हे शेड कापायच्या आधी केलं. उलट क्रमानं केलेल्यांच्या शेड दोरी बांधून नव्या अंगणात पडून असलेल्या पाहिल्या आहेत.

५. घर विकलंय, पण शेड आमची आहे. ती नेता येईल ना?

करारनाम्यात लिहिलं असेल तर. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८ नुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर जमिनीबरोबर जमिनीला जोडलेल्या वस्तूही खरेदीदाराकडे जातात. खांब काँक्रीटमध्ये पुरलेली शेड ही जोडलेली वस्तू आहे. ‘मागील बाजूची पत्र्याची शेड विक्रीत समाविष्ट नाही, विक्रेता अमुक तारखेपर्यंत स्वखर्चाने काढून नेईल’ एवढं एक वाक्य पुरतं. पुनर्विकासात घर विकासकाकडे जात असेल तर घर रिकामं करून देण्याच्या तारखेआधी शेड हलवा. नंतर आत शिरायला परवानगी मागत बसावं लागतं. शेडची घरपट्टीत नोंद असेल तर काढल्यावर फोटो जोडून प्रभाग कार्यालयात अर्ज द्या.

६. आम्ही भाडेकरू होतो, शेड स्वखर्चानं बांधली होती. आमची की मालकाची?

करारात काही म्हटलं नसेल तर त्याच कायद्याचं कलम १०८(ह) भाडेकरूच्या बाजूनं आहे. त्यानं जोडलेल्या वस्तू तो नेऊ शकतो. अटी दोन: जागा ताब्यात असेपर्यंतच नेता येतात, आणि जागा मिळाली होती तशी करून द्यावी लागते. म्हणजे किल्ली दिल्यावर हक्क संपला, आणि काँक्रीटचे खड्डे बुजवायचं काम तुमचं.

७. कोणत्या महिन्यात काढावी?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. मुंबई परिसरात मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, आणि तो परततो ८ ऑक्टोबरच्या सुमारास. त्यामुळे लोक मे महिना धरतात. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावून बघा एकदा! शिवाय वळवाचे वारे असतात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. अर्धी उतरवलेली शेड अशा दिवशी उभी असली तर पत्रा कोणाच्या घरात जाईल सांगता येत नाही. पायाचं काँक्रीट मुरायलाही दिवस लागतात, ते मोजून तारीख धरा.

मुहूर्ताचंही विचारतात. घरातल्या मोठ्यांना विचारा. आमचा मुहूर्त वेल्डरनं काढला, त्याला मोकळा असलेला पहिला गुरुवार.

८. उतरवायचा क्रम काय? आणि वेल्डिंग कुठे कापायचं?

आधी मोबाइलवर चारी बाजूंचे आणि प्रत्येक सांध्याचे फोटो. मग ऑइल पेंटनं आकडे: खांबांना १ ते ६, कैच्यांना अ, ब, क, आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच खूण. खडूनं घातलेले आकडे गाडीत पुसतात, आमचे पुसले. घरी येऊन दोन तास कोडं सोडवत बसलो होतो.

सामान बाहेर काढताना कोपऱ्यातलं लाकूड किंवा गोणी हातानं उचलू नका, काठीनं सरकवा. येऊरच्या पायथ्याकडच्या घरांत धामण, घोणस निघणं नवलाचं नाही. निघाला तर मारू नका, वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

वीज मेन बोर्डापासून तोडा. मग दार आणि खिडकी, आढ्यावरची टोपी, छपराचे पत्रे, भिंतींचे पत्रे, पर्लिन, कैच्या आणि शेवटी खांब. तिरक्या आधारपट्ट्या खांबांबरोबरच, त्याआधी नाही. ‘मध्ये येतात’ म्हणून त्या आधी कापल्या की सांगाडा पत्त्यांच्या बंगल्यासारखा एका बाजूला झुकतो. छपरावर चढायचंच झालं तर पाय पर्लिनच्या रेषेवर, फळी टाकून.

पत्रे पर्लिनला धरणारे गंजलेले जे-हुक सोडवत बसू नका, ग्राइंडरनं उडवा. कैची मात्र अख्खी ठेवा, तिच्या आतले सांधे कापू नका. कैची खांबावर जिथे टेकते आणि पर्लिन कैचीवर जिथे बसतात तेवढेच टाके कापायचे. खांबाच्या बेस प्लेटचे नट फिरत असतील तर खांब कापायची गरजच नाही. कापावाच लागला तर प्लेटच्या जितकं जवळ जमेल तितकं, कारण इथे गेलेला प्रत्येक इंच नव्या जागी उंचीतून जातो. ठिणग्यांनी वाळलेलं गवत पेटतं, म्हणून दोन बादल्या पाणी आणि ओलं पोतं हाताशी. शेजाऱ्याची गाडी झाका. ही सूचना शेजारधर्माची आहे, आमच्या अनुभवाची नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

९. आमचे पत्रे सिमेंटचे आहेत. तेही तसेच काढायचे?

नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत ते आत बांधलेले राहतात. फुटला, कापला, घासला की धुळीबरोबर फुप्फुसात जातात, आणि त्यातून होणारे आजार वीस-तीस वर्षांनी दिसतात. म्हणून ग्राइंडर अजिबात नको. पत्र्यावर पाणी मारून ओला करा, हुकचे नट कापा, दोघांनी धरून अख्खा खाली उतरवा, वरून टाकू नका. चांगला मास्क लावा, रुमाल नव्हे. पायाखाली हे पत्रे कडकन फुटतात, तेव्हा त्यांवर उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

नव्या घरी ते नेऊच नका. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि साध्या राडारोड्यात मिसळू नका. तळोज्याला घातक कचऱ्याचं प्रक्रिया केंद्र आहे. एवढासा माल तिथपर्यंत कसा पोचवायचा, हे महापालिकेच्या घनकचरा विभागाला आधी विचारा.

१०. कोणती गाडी सांगू? छोटा हत्ती पुरेल?

वजनाला पुरेल, लांबीला नाही. छोट्या हत्तीचा हौद सात फुटांचा, आणि तुमचा पर्लिन बारा फुटांचा. ४०७ चा हौद साधारण दहा फुटांचा, तोही अपुरा. चौदा फुटी आयशर लागते. दुसरा मार्ग म्हणजे पर्लिन कैचीवर येतो तिथेच दोन तुकडे करून नव्या जागी त्याच कैचीवर जोडणं. सांधा हवेत, दोन कैच्यांच्या मध्ये नको. पाइप मागून बाहेर काढून लाल फडकं बांधायची जुनी पद्धत विसरा, दंड प्रश्न ३ मध्ये आहे.

तळाला पत्रे, त्यावर पाइप असं भरू नका. पत्र्यांना पोचे येतात. पाइप खाली, मध्ये जुनी गोधडी, वर पत्रे आणि सगळ्याला आडवी दोरी.

११. ठाण्याहून नवी मुंबईला कोणत्या रस्त्यानं न्यायची?

आम्ही कळवा, विटावा, दिघा करत ठाणे-बेलापूर रस्त्यानं गेलो. मुलुंडकडून ऐरोली पुलानं जायचं तर वाटेत टोलनाका येतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी तुंबतं, आणि कैची उभी बांधली असेल तर उंचीही आधी बघून या. पनवेल-उलव्याकडे जायचं तर मुंब्रा बायपास आणि शीळफाटा. अवजड वाहनांना ठरावीक तासांत बंदी असते आणि वाहतूक पोलीस वेळा बदलत असतात, त्यामुळे गाडीवाल्याला आदल्या दिवशी विचारा. आम्ही सकाळी साडेसहाला निघालो, तो या सगळ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा निर्णय.

१२. नव्या जागी पाया कसा करायचा? फरशी आहेच, तिच्यात बोल्ट मारले तर?

शहाबादी फरशीत किंवा दोन इंची कोब्यात मारलेला अँकर फास्टनर हातानं निघतो. प्रत्येक खांबाखाली दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. त्यात १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, वर बोल्ट बसवलेले, आणि किमान सात दिवस पाणी. ठाण्यात डोंगराकडे मुरूम किंवा कातळ लवकर लागतो. नवी मुंबईच्या खाडीलगतच्या नोडांत, म्हणजे वसाहतींत, भराव असतो. तिथे खड्ड्यात मऊ माती दिसली तर दीड फुटावर न थांबता घट्ट थरापर्यंत जा.

चारी कोपऱ्यांचे कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात. दहा बाय बाराला कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या जवळपास येतो. बोल्ट पक्के झाल्यावर पाऊण इंचाचा फरक कळला की खांब बसत नाही आणि वेल्डर तुमच्याकडे बघत राहतो.

जमिनीखालून जाणारी सांडपाण्याची लाइन, पाण्याची टाकी, गॅसची पाइपलाइन यांवर खड्डा येत नाही ना, तेही बघा.

१३. वाऱ्यात उडणार नाही ना?

हिशेब करून दाखवतो, कारण नुसतं ‘मजबूत करा’ म्हणून कोणी ऐकत नाही. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो. आपलं छप्पर अकरा चौरस मीटर, म्हणजे तेराशे किलोंची ओढ. आजूबाजूच्या इमारती आणि शेडची कमी उंची धरून तो आकडा उतरतो. पण निम्मा केला तरी साडेसहाशे, आणि शेडचं वजन साडेचारशे! म्हणजे शेड स्वतःच्या वजनावर जमिनीवर टिकत नाही, पाया तिला धरून ठेवतो. दीड फुटाचा काँक्रीटचा एक ठोकळा सव्वादोनशे किलोंच्या वर असतो, सहा मिळून तेराशेच्या पुढे. प्रश्न १२ मधले खड्डे त्यासाठी.

छपराचे कडेचे स्क्रू दुप्पट मारा. वारा कडेतूनच शिरतो.

१४. जुनेच पत्रे वापरायचे आहेत. भोकांतून गळणार नाही का?

गळणार. जुनी भोकं नव्या पर्लिनवर तंतोतंत येत नाहीत. तरी वापरायचेच असतील तर भोकं उंचवट्यावरची आहेत की नाळेतली ते बघा. पाणी नाळेतून वाहतं, त्यामुळे नाळेत भोक असलेला पत्रा छपरावर नकोच. उंचवट्यावरच्या भोकाला मोठ्या रबरी वॉशरचा जाड स्क्रू, किंवा ब्युटाइल टेपचं ठिगळ. नुसतं सिलिकॉन एक उन्हाळा काढतं.

पत्रे लावायची सुरुवात पूर्वेकडून करा आणि पश्चिमेकडे या. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे जोडाचं उघडं तोंड वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला हवं. वरच्या पत्र्याचा खालच्यावर चढाव किमान सहा इंच. जुनी शेड वेगळ्या दिशेला तोंड करून असेल आणि आकडे घातलेले पत्रे त्याच क्रमानं लावले, तर जोडाचं तोंड नेमकं वाऱ्याकडे येऊ शकतं.

१५. शेडमध्ये लाइट आणि पंप होता. ती वायर पुन्हा वापरू?

वायर नवी घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये सोललेली वायर म्हणजे सगळी शेडच प्रवाहात. ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि सांगाड्याला अर्थिंग, दोन्ही परवानाधारक वायरमनकडून.

१६. नवं घर फ्लॅट आहे. शेड गच्चीवर लावता येईल?

गच्ची सोसायटीची, आणि परवानगीचं उत्तर प्रश्न ४ मध्येच आहे. शिवाय वर वारा जास्त, खाली पाया नाही, आणि बोल्टसाठी स्लॅबला पाडलेलं भोक पुढच्या पावसात खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून बोलतं. सांगाडा विकून टाका.

१७. येऊरला किंवा बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये न्यायची असेल तर काही वेगळं?

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे, आणि उद्यानाभोवती २०१६ साली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. तिथे महापालिकेबरोबर वनविभागाचाही प्रश्न येतो. आधी कागद, मग गाडी. आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी घर हळूहळू वाढवता यावं अशाच विचारानं आखलं होतं. पण तिथली मधली अंगणं सामायिक आहेत. आपल्या दारासमोर आहे म्हणून अंगण आपलं होत नाही.

१८. शेड उभी राहिली. पहिल्या पावसाआधी आणि नंतर काय बघायचं?

कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या प्रत्येक जागी वायर-ब्रश, मग झिंक प्राइमर, मग रंगाचे दोन हात. खाडीची खारी हवा उघड्या लोखंडाला महिन्याभरात तांबूस करते. खांबाच्या बुडाशी माती चढू देऊ नका, काँक्रीटला बाहेरच्या बाजूला उतार द्या.

मग एप्रिल-मेमध्ये नळी लावून छपरावर अर्धा तास पाणी सोडा आणि आत खडू घेऊन उभे राहा. थेंब पडेल तिथे जमिनीवर फुली. आमच्या पहिल्या चाचणीत अकरा फुल्या झाल्या, त्यातल्या नऊ आम्ही हट्टानं वाचवलेल्या दोन जुन्या पत्र्यांखाली.